गोलकीपरची वही

माझा मुलगा नऊ वर्षांचा असताना आइस हॉकीत गोलमध्ये उभा राहायला लागला. पहिली दोन वर्षं प्रत्येक सामन्यानंतर मी वहीत एकच आकडा लिहीत असे: किती गोल खाल्ले. ती वही अजून माझ्याकडे आहे. तिच्यावरून मुलाबद्दल काहीच कळत नाही. त्याच्यापुढे खेळणारे बचावपटू कसे होते, एवढं मात्र छान कळतं.

आता तो खेळ सोडून नोकरीला लागलाय आणि मी अजून रिंकवरच आहे, दुसऱ्यांच्या मुलांच्या वह्या भरत. पालक विचारतात, आमचा गोलकीपर सुधारतोय की नाही हे ओळखायचं कसं? दर वेळी तोंडी सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढते.

आधी उभं कुठे राहायचं ते. मध्यरेषेजवळच्या बाकावरून सामना छान दिसतो, गोलकीपर दिसत नाही. गोलच्या मागे, काचेपलीकडे, जरा एका बाजूला उभं राहा. जाळी मध्ये येते, पण दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते आणि पक (चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चपटी चकती) जसा मुलाला येताना दिसतो साधारण तसाच तुम्हालाही दिसायला लागतो. मोबाइलवर चित्रीकरण करायचं तर तेही इथूनच. आणि कॅमेरा पकाच्या मागे फिरवायचा नाही. पक दुसऱ्या टोकाला गेला तरी कॅमेरा गोलकीपरवरच. पालकांना हे भयंकर कंटाळवाणं वाटतं, पण निम्मी माहिती तिथेच मिळते. पक चाळीस मीटर लांब असताना तो काय करतोय? लहान मुलं स्टिकने बर्फ खरवडून ढीग करत बसतात. करू द्या. खेळ मध्यरेषा ओलांडून इकडे आला की कोणी न ओरडता तो पवित्र्यात येतो का, तेवढं बघा. विकेटकीपर जसा गोलंदाज धावायला लागला की आपोआप खाली बसतो, तसं.

वहीत प्रत्येक गोलला एक ओळ द्यायची आणि तीत चारच गोष्टी लिहायच्या. शॉट कुठून आला. त्याच्या लगेच आधी आडवा पास आला होता का. शॉट सुटला त्या क्षणी गोलकीपरचे पाय थांबलेले होते का. आणि त्याला पक दिसत होता की पुढे कोणी आडवं आलं होतं. बाकी काही लिहू नका. "काय हे!" असलं तर अजिबात नको. मी लिहीत असे.

या चारांत तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोलाची. सरकत असलेला गोलकीपर ज्या दिशेने सरकतोय तिकडचा पक अडवतो, उलट बाजूचा अडवणं जवळजवळ अशक्य. थांबलेला गोलकीपर दोन्हीकडे जाऊ शकतो. म्हणून वेगाने हलणाऱ्या मुलाकडे बघून भुलू नका. एका पोस्टपासून दुसऱ्या पोस्टपर्यंत कोण लवकर पोचतो ही अर्धीच परीक्षा आहे. पोचून शॉटच्या आधी थांबतो का, ही उरलेली अर्धी. सरावात मी हे असं बघते: डावा पोस्ट, क्रीजचं (गोलपुढे बर्फावर रंगवलेल्या अर्धगोलाचं) पुढचं टोक, उजवा पोस्ट, पुन्हा टोक, अशी ठिकाणं मोठ्याने पुकारायची आणि प्रत्येक ठिकाणी पोचल्यावर टाळी वाजवायची. टाळीच्या क्षणी दोन्ही पाय थांबलेले, स्टिकचं पातं बर्फावर, छाती पकाकडे. दहापैकी किती वेळा? सहा महिन्यांनी पुन्हा मोजा. चारावरून सातावर गेला असेल तर मूल सुधारतंय, मग फलकावर काहीही असो.

आडव्या पासचं वेगळं लिहायचं कारण आहे. एनएचएलमध्ये, म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या सर्वांत मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला गोलकीपर स्टीव्ह व्हॅलिकेट याने गोलच्या मध्यापासून सरळ पुढे जाणाऱ्या एका काल्पनिक रेषेला "रॉयल रोड" असं नाव दिलं. पक ही रेषा ओलांडून एका बाजूकडून दुसरीकडे आला आणि लगेच शॉट बसला, तर गोल होण्याची शक्यता एकदम वाढते. मोठ्यांनाही हे पक अडवणं जड जातं. तेव्हा तुमच्या वहीतल्या आठ गोलांपैकी सहांच्या पुढे "आडवा पास" असेल, तर ती गोलकीपरची नव्हे, बचावाची वही आहे. ती प्रशिक्षकाला दाखवा, पोराला नको.

आता कोनाचं. हे शब्दांत सांगून कळत नाही, दोरी लागते. गोल १८३ सेंटिमीटर रुंद आणि १२२ सेंटिमीटर उंच असतो. दोन्ही पोस्टना एकेक लांब दोरी बांधा आणि दुसरी टोकं पक ठेवलाय तिथे आणून एकत्र धरा. झालेल्या त्रिकोणात मुलाला उभं करा आणि स्वतः पकाशेजारी पोटावर झोपा. (थंडी वाजते. जाड जॅकेट घाला.) पक समोर ९ मीटरवर असेल आणि गोलकीपर गोलरेषेवरच उभा असेल, तर त्याला पूर्ण १८३ सेंटिमीटर झाकायचे आहेत. तो दीड मीटर पुढे आला की दोऱ्यांमधलं अंतर साधारण १५२ सेंटिमीटरच उरतं. बुटक्या मुलांचे पालक हे बघून उठून बसतात अक्षरशः. पण याची किंमतही तिथेच दाखवा: इतकं पुढे आलेल्या मुलाला, पक बाजूच्या खेळाडूकडे गेला की, परतायला लांब पल्ला पडतो. म्हणून "पुढे ये, पुढे ये" असं काचेमागून ओरडणं मूर्खपणाचं. किती पुढे यायचं हे पकाजवळ कोण आहे आणि पास घ्यायला कोण मोकळं आहे यावर ठरतं. हा हिशेब मूल स्वतः करायला कधी लागतं ते बघायचं. माझा अनुभव असा की बारा-तेराच्या आधी फार थोडी मुलं करतात, आणि जी करतात त्यांना ते कोणी शिकवलेलं नसतं.

डोळे बघायला अवघड, कारण मुखवट्याआड असतात. मग मुखवटाच बघा. पक डावीकडून उजवीकडे गेला की आधी मुखवटा वळायला हवा, मग खांदे, मग पाय. पाय आधी आणि डोकं मागून, असं चालू असेल तर मूल अंदाजाने धावतंय. पक अंगावर येऊन आदळताना हनुवटी खाली जाते का? जात असेल तर त्याने पक शेवटपर्यंत पाहिला. डोकं मागे उडत असेल किंवा बाजूला फिरत असेल तर भीती आहे. भीतीला लाज नसावी. भीती दिसली की मी पहिल्यांदा सामान तपासते: मुखवटा सैल आहे का, छातीचं पॅड वर सरकून गळ्यापाशी फट पडते का. ज्याला एकदा कॉलरच्या हाडावर पक लागलाय तो पुढचे तीन महिने डोकं फिरवणारच. १ नोव्हेंबर १९५९ला एनएचएलमधला गोलकीपर जाक प्लांत याच्या तोंडावर पक बसला, टाके घालून तो परत आला तो मुखवटा लावूनच. त्याच्या प्रशिक्षकाला ते पसंत नव्हतं. आज मुखवट्याशिवाय कोणी गोलकीपर बर्फावर उतरत नाही, पण "घाबरतोस काय" म्हणणारे प्रशिक्षक अजून शिल्लक आहेत.

पक अडवल्यानंतर काय होतं हे लिहायला मी फार उशिरा शिकले. अडवलेल्या प्रत्येक शॉटपुढे एक अक्षर लिहा: "ध" म्हणजे धरला, "क" म्हणजे कोपऱ्यात गेला, "स" म्हणजे समोर, स्लॉटमध्ये (गोलच्या ऐन पुढ्यातल्या जागेत) पडला. गोल न खाल्लेल्या सामन्यातही "स" दहा वेळा आला असेल तर मूल नशिबाने वाचलंय. उलट पाच गोल खाल्लेल्या सामन्यात "ध" आणि "क" यांची रांग लागलेली असेल, तर घरी जाताना गाडीत गप्प बसायचं काही कारण नाही. लहान मुलांकडून मात्र याची अपेक्षा ठेवू नका. दहाव्या वर्षी पक अंगाला लागला हेच पुष्कळ.

पक समोर पडलाच तर पुढचा अर्धा सेकंद बघा. बटरफ्लायमध्ये, म्हणजे दोन्ही गुडघे बर्फावर आणि पॅड दोन बाजूंना पसरलेले, अशा स्थितीत गोलकीपर खाली असतो. पक त्याच्या डावीकडे गेला तर त्याने उजवा पाय रोवून डावीकडे ढकलायला हवं. पकापासून लांबचा पाय. बरीच मुलं कायम आपल्या आवडत्या पायावरच उठतात. एका बाजूला झकास, दुसऱ्या बाजूला ओंडका. हा दोष काचेमागून पाच मिनिटांत दिसतो आणि सुधारायला एक हंगाम पुरतो, म्हणून मला हा दोष आवडतो.

दुसरा दोष इतका आवडत नाही. टीव्हीवरचे गोलकीपर पक गोलरेषेजवळ असला की पोस्टला बिलगून एक पॅड आडवं टाकून बसतात, त्याला रिव्हर्स व्हीएच म्हणतात. मुलं ते बघून तसंच करतात, पण वेळेआधी. पक अजून लांब, गोलच्या बाजूला आखलेल्या मोठ्या वर्तुळात आहे आणि हे महाशय खाली बसलेले. वरचा कोपरा सताड उघडा. मुद्रा सुबक दिसते म्हणून पालक टाळ्या वाजवतात. तुम्ही वाजवू नका. खाली कसा बसतो यापेक्षा कधी बसतो हे लिहा. अकरा-बारा वर्षांच्या गोलकीपरबद्दल एकच वाक्य लिहायची परवानगी असती तर मी लिहिलं असतं: शॉट सुटेपर्यंत उभा राहतो की नाही.

आकड्यांचं आता सांगूनच टाकते, कारण विचारल्याशिवाय कोणी राहत नाही. सेव्ह टक्केवारी म्हणजे अडवलेले शॉट भागिले आलेले शॉट. एका सामन्यात १२ शॉट आले आणि २ गोल झाले तर ८३.३. दुसऱ्यात ३५ आले, ४ झाले, तर ८८.६. दुसऱ्या सामन्यात दुप्पट गोल खाऊन टक्केवारी वर. मग गोल मोजण्यापेक्षा हे बरं म्हणायचं का? थोडं बरं. पण २० सामने, प्रत्येकी २५ शॉट, असा अख्खा हंगाम धरला तरी ५०० शॉट होतात. ९० टक्के आणि ९२ टक्के यांत फरक फक्त १० गोलांचा. कोणाच्या स्केटला लागून वळलेले, आपल्याच बचावपटूने आत ढकललेले, असे दहा गोल हंगामात सहज होतात. ९० टक्के क्षमतेच्या गोलकीपरची टक्केवारी ५०० शॉटवर निव्वळ योगायोगाने १.३ टक्के इकडेतिकडे होणं अगदी साधी गोष्ट आहे, त्याहून जास्तही होते. म्हणून दोन मुलांची तुलना टक्केवारीवरून करणारा माणूस भेटला की मी चहा आणायला निघून जाते. एकाच मुलाची दोन हंगामांची तुलना करायची असेल तर फक्त आडवा पास नसलेले, पक स्पष्ट दिसत असलेले शॉट वेगळे काढा आणि त्यांचीच टक्केवारी बघा. ती वर सरकत असेल तर काहीतरी घडतंय.

सराव बघायला जाणार असाल तर रांगेतल्या शॉटकडे बघू नका. एकामागून एक मुलं येतात, शॉट मारतात, पहिला पक कुठे गेला हे बघायच्या आत दुसरा येतो. यातून गोलकीपर शिकतो ते एवढंच की अडवलं की काम संपलं. ज्या सरावात त्याला उठून दुसऱ्या पकापर्यंत जायला वेळ मिळतो, तोच बघण्यालायक.

वयाबद्दल. सात-आठ वर्षांपर्यंत मूल्यमापन वगैरे काही नाही. अमेरिकेत आणि कॅनडात अगदी लहान गट रिंकच्या एका तुकड्यावरच खेळवतात आणि गोलमध्ये सगळ्यांनी आळीपाळीने उभं राहावं असं तिथल्या संघटना सांगतात; ते योग्यच आहे. त्या वयात बघायचं फक्त स्केटिंग, आणि पुढच्या वेळी पॅड बांधायला मूल आपण होऊन येतं का. नऊ ते अकरा या वर्षांत पाय, पवित्रा, उठणं-बसणं. आणि मग येतं ते वय, ज्यात सगळी वही खोटी ठरते.

मुलींची उंची सर्वांत वेगाने वाढते ती साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांची चौदाव्या. त्या काळात हात-पाय लांबतात आणि मेंदूला त्यांचा हिशेब लागत नाही. काल ज्या पायावर सहज उठत होता त्यावर आज अडखळतो, ग्लव्ह पकाच्या खालून जातो. माझ्या मुलाचं तेराव्या वर्षी असं झालं आणि संघनिवडीत तो गळला. मी वहीत लिहिलं होतं, "आळशी झालाय." दाराच्या चौकटीवर त्याची उंची पेन्सिलीने मांडत होतेच की मी. नऊ महिन्यांत सात सेंटिमीटर. दोन्ही नोंदी माझ्याच हाताच्या, पण एकमेकींशेजारी ठेवून बघायचं सुचलं नाही. आता दर तीन महिन्यांनी उंची वहीतच लिहायला सांगते, गोलांच्या शेजारी. उंचीचा आकडा उडी मारतो तेव्हा बाकीचे आकडे खाली जातात, आणि मग काही महिन्यांनी परत येतात. जन्माचा महिनाही लिहा. गट वर्षाप्रमाणे पडत असतील तर जानेवारीतला आणि डिसेंबरातला मुलगा एकाच रांगेत उभे असतात, आणि दहाव्या वर्षी अकरा महिने म्हणजे फार झाले.

याच वयात खुब्याकडे लक्ष हवं. बटरफ्लायमध्ये मांडी आतल्या बाजूला वळते आणि हे हजारो वेळा होतं. मांडीच्या हाडाचा गोळा आणि खुब्याची खोबण एकमेकांवर घासण्याचा त्रास गोलकीपरांमध्ये बराच आढळतो. काही मुलांचे पॅड सुंदर रुंद पसरतात, काहींचे पसरत नाहीत, आणि त्यात हाडांच्या घडणीचा मोठा वाटा असतो. ज्याचे पसरत नाहीत त्याला कमी गुण देऊ नका, आणि गुडघे दाबून पसरवणाऱ्या माणसाच्या हाती मूल देऊ नका. जांघेत दुखतं असं मूल म्हणालं तर डॉक्टर. प्रशिक्षक नव्हे.

चौदाव्या वर्षी कोणी "याच्यात काही दम नाही" म्हणालं तर २००० सालचा एनएचएल ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने केलेली निवड, आठवा. पहिल्या क्रमांकावर गोलकीपरच निवडला गेला, रिक डिपिएत्रो. दुखापतींनी त्याची कारकीर्द खाल्ली. त्याच ड्राफ्टमध्ये २०५व्या क्रमांकावर गोलकीपर हेन्रिक लुंडक्विस्ट होता, जो २०२३मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. आणखी दोन गोलकीपर: पेका रिने २००४मध्ये २५८वा. टिम थॉमस १९९४मध्ये २१७वा, आणि त्याने स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, जिंकला तो २०११मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी. ही अठरा ते एकवीस वर्षांच्या मुलांबद्दलची, पगारी जाणकारांची चूक आहे. आपण तर काचेमागचे.

आता जे लिहायला नको वाटतं ते. माझा मुलगा प्रत्येक गोलनंतर मान वर करून बाकांकडे बघायचा. मला वाटे वेळ बघतोय. एकदा दुसऱ्या एका आईने मोबाइलवर प्रेक्षकांचं चित्रण केलं होतं, त्यात मी दिसले. गोल झाला आणि माझा चेहरा असा झाला की जणू कोणी गेलंच. तो घड्याळ बघत नव्हता. गोलच्या मागे उभं राहायची माझी सवय तिथून सुरू झाली. बघायला सोयीचं हे नंतर कळलं. म्हणून वहीत गोलनंतरच्या मिनिटासाठी एक रकाना ठेवा, पण त्यात भावना लिहू नका. कृती लिहा. पाणी प्यायला, पोस्टला स्टिक टेकवली, क्रीजमध्ये एक फेरी मारली, पवित्र्यात आला. प्रत्येक मुलाचा एक क्रम ठरत जातो. तो गोल शून्य असतानाही तसाच आणि पाच असतानाही तसाच राहायला लागला, की मी तारीख लिहून ठेवते. आणि गोलनंतरचा पहिला शॉट कसा खेळला तेही.

तीन महिन्यांनी मुलाबरोबर बसायचं. वही उघडायची नाही. चार-पाच छोट्या चित्रफिती दाखवायच्या, त्यांत निम्म्या तरी त्याने अडवलेल्या. प्रत्येकीनंतर एकच प्रश्न: इथे काय झालं? मग तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यांत अवघड. नऊ वर्षांचं मूल म्हणतं, "त्याने जोरात मारला." अकराव्या वर्षी, "मी लवकर बसलो." पुढे कधीतरी उत्तरात दुसरी माणसं यायला लागतात: माझा बचावपटू आडवा आला, तो डावखुरा होता, पास येईल असं मला वाटलं नाही. माझ्याकडच्या वह्यांत मी ही उत्तरं जशीच्या तशी, मुलांच्याच शब्दांत लिहून ठेवते. पाच वर्षांची उत्तरं ओळीने वाचली की टक्केवारी बघायची गरज पडत नाही.

गेल्या हंगामात एका चौदा वर्षांच्या मुलीने सहा गोल खाल्ले. मी वहीत दुसरा आणि पाचवा तिच्या नावावर मांडले होते, बाकी चार बचावाच्या. कपडे बदलून ती आली, बॅग खाली टाकली आणि मी विचारायच्या आतच म्हणाली, "दुसरा माझा नाही, काकू. मला काही दिसतच नव्हतं. पाचवा माझा. आणि तिसरा पण माझा."

तिसऱ्यापुढे मी लिहिलं होतं: आडवा पास, पोचणं शक्य नाही.

"अगं, तो रॉयल रोडवरून आला होता," मी म्हटलं.

"हो, पण पास येणार हे मला दिसलं होतं. त्याची स्टिक शॉटसारखी वर होती, डोकं मात्र पलीकडे वळलेलं. तरी मी पोस्टला धरून बसले."

घरी जाऊन मी ती चित्रफीत चार वेळा पाहिली. तिसऱ्या वेळी त्या मुलाची मान दिसली. दुसरा गोलही पाहिला. तिच्याच संघातल्या मुलीची पाठ मुखवट्याच्या अगदी पुढ्यात होती. दोन्ही ओळी खोडल्या आणि तिने सांगितलं तसं लिहिलं.